गावात सगळेच ओळखीचे, मग कॉलेजातल्या गैरप्रकाराची तक्रार करायची कुठे?

तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतून रोज एसटीने भोरला कॉलेजला जाणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. प्रात्यक्षिकाचे गुण हवे असतील तर 'थोडं बघावं लागेल', असं एका शिक्षकाने तिला सांगितलं. बघायचं म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही. रात्री-अपरात्री मेसेज मात्र सुरू झाले.

तिने तक्रार करावी, असं कोणीही म्हणेल. पण कॉलेजच्या कार्यालयातला लिपिक तिच्या मामाचा वर्गमित्र आहे. संस्थेच्या संचालकांपैकी एकाचं घरी येणं-जाणं आहे. सकाळी प्राचार्यांकडे अर्ज दिला, तर संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचलेली असेल. घरचे म्हणतील, 'कॉलेज सोड.' आणि गुण तर त्याच शिक्षकाच्या हातात आहेत.

हे उदाहरण कल्पित आहे. पण भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) यांसारख्या तालुक्यांत तक्रार करणाऱ्याची अडचण साधारण अशीच असते. पुण्यात शिकणारा विद्यार्थी गर्दीत हरवू शकतो. तालुक्याच्या कॉलेजात एखाद्या विषयाच्या शेवटच्या वर्षाला मोजकीच मुलं असतात. तक्रारीतला प्रसंग वाचला की ती कोणी केली, हे न सांगताही कळतं.

म्हणून इथे 'नाव कसं लपवायचं' या प्रश्नाच्या पुढे जावं लागतं. नाव कळलं तरी समोरच्याला नुकसान करता येऊ नये, यासाठी काय करता येईल? कायद्यात आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांत याची बरीच उत्तरं आहेत. ती अनेकदा माहीत नसतात, किंवा उशिरा कळतात.

कोणती तक्रार कुठे जाते?

अनेक तक्रारी चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे वाया जातात. प्राचार्यांच्या नावे एकच मोठा अर्ज लिहिण्याआधी तक्रार कोणत्या प्रकारची आहे, ते ठरवणं गरजेचं आहे.

- लैंगिक छळ : अशी तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जाते. २०१३ चा कायदा आणि यूजीसीचे २०१५ चे नियम या दोन्हींनुसार ही समिती असणं बंधनकारक आहे. २०१३ चा कायदा महिलांसाठी आहे. यूजीसीचे नियम सर्व लिंगांच्या विद्यार्थ्यांवरच्या लिंगाधारित हिंसेची दखल घ्यायला सांगतात.
- गुण, निकाल, शिष्यवृत्ती, अडवलेली कागदपत्रं, जादा शुल्क, भेदभाव : या तक्रारी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातात. यूजीसीच्या एप्रिल २०२३ च्या नियमांनुसार ही समिती प्रत्येक कॉलेजात हवी. त्यात किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली किमान एक व्यक्ती असावी लागते.
- रॅगिंग : महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार येऊनही संस्थेच्या प्रमुखाने दुर्लक्ष केलं, तर त्याने गुन्ह्याला साथ दिल्याचं मानलं जातं. यूजीसीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते.
- लाच : विद्यापीठाचे आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षण संस्थांचे कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक ठरतात. गुणांसाठी किंवा सहीसाठी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे (१०६४) जाता येतं. पैसे देण्याआधी जाणं उत्तम. नाइलाजाने दिलेच असतील, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. त्यानंतर देणाराही अडचणीत येऊ शकतो.
- संशोधनातली चोरी : पीएच.डी.चा प्रबंध किंवा शोधनिबंध दुसऱ्याचा उचलला असेल, तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार विभागाच्या आणि संस्थेच्या पातळीवर शैक्षणिक सचोटी समित्या असतात.
- विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर : अकरावी-बारावीच्या मुलामुलींबाबत पॉक्सो कायदा लागू होतो. लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. 'कॉलेजच्या पातळीवर मिटवू' असं म्हणण्याची मुभा प्राचार्यांनाही नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

वरच्या उदाहरणातल्या मुलीच्या दोन तक्रारी होतात. मेसेजची तक्रार अंतर्गत समितीकडे जाईल आणि गुणांची विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. दोन वेगळे अर्ज केले, तर एक अडकला तरी दुसरा चालू राहतो.

नाव गुप्त राहतं का?

याचं सरळ उत्तर असं, की बाहेरच्यांपासून गुप्त राहतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्यापासून राहत नाही.

लैंगिक छळाच्या चौकशीत तक्रारदाराचं नाव, तक्रारीतला मजकूर आणि चौकशीचा तपशील जाहीर करायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. माहिती अधिकारातही तो देता येत नाही. समितीतल्या कोणी तो बाहेर सांगितला, तर दंड होऊ शकतो. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारीची प्रत द्यावीच लागते, कारण त्याला उत्तर देण्याचा हक्क आहे. 'कोणालाच कळणार नाही' असं आश्वासन कोणी देत असेल, तर ते खरं नाही.

नाव चुकीच्या हातात पडलं की काय होतं, याचं देशाला हादरवणारं उदाहरण सत्येंद्र दुबे यांचं आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या या तरुण अभियंत्याने बिहारमधल्या रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवला. आपलं नाव गुप्त ठेवावं, अशी विनंती केली. पत्र नावासह कार्यालयांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण तो अमलातच आलेला नाही.

याचा अर्थ संस्थेतला आर्थिक घोटाळा उघड करणाऱ्या शिक्षकाला किंवा लिपिकाला आज वेगळ्या कायद्याचं कवच नाही. विद्यार्थ्याला मात्र यूजीसीच्या नियमांत बऱ्यापैकी आधार मिळतो.

सूड उगवू नये म्हणून काय मागता येतं?

कॉलेजात सूड क्वचितच उघडपणे घेतला जातो. अंतर्गत गुण कमी होतात, हजेरी कमी लागते, हॉल तिकीट अडतं, प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही होत नाही, संशोधनाचा अहवाल गाइडच्या टेबलावर पडून राहतो. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण देता येतं.

म्हणूनच यूजीसीच्या २०१५ च्या नियमांतली एक तरतूद फार उपयोगाची आहे. चौकशी सुरू असतानाच तक्रारदार समितीच्या मार्फत पुढील गोष्टी मागू शकतो :

- ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराच्या कामाचं, चाचणीचं किंवा परीक्षेचं मूल्यमापन करू नये.
- त्याने तक्रारदारापासून दूर राहावं, अशी ताकीद द्यावी.
- दोघांपैकी एकाचा विभाग किंवा वर्ग बदलावा.
- तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी आणि तिचं शैक्षणिक नुकसान होऊ देऊ नये.
- सूड आणि छळ यांपासून तक्रारदाराला संरक्षण मिळेल, असं वातावरण ठेवावं.

यातलं काहीही आपोआप मिळेल, असं धरून चालू नये. अर्जाच्या शेवटी एक वाक्य लिहावं : 'माझ्या तक्रारीचा निर्णय होईपर्यंत संबंधित शिक्षकांनी माझे अंतर्गत गुण व प्रात्यक्षिक परीक्षा यांचे मूल्यमापन करू नये, अशी विनंती आहे.' मागणी लेखी असली, की ती नाकारण्याचं कारण विचारता येतं. तोंडी मागणी झाली होती, हेच पुढे कोणी मान्य करत नाही.

शिक्षक आणि कर्मचाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कायम नोकरीतल्या शिक्षकाला काढून टाकलं किंवा खालच्या पदावर आणलं, तर त्याला ३० दिवसांत विद्यापीठ आणि महाविद्यालयीन न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मात्र कोणी काढून टाकत नाही. पुढच्या वर्षी बोलावत नाहीत, इतकंच. आव्हान द्यायला आदेशच नसतो. लैंगिक छळाच्या कायद्यात तात्पुरते, रोजंदारीवरचे आणि कंत्राटी कर्मचारीही येतात, हे अशा शिक्षिकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मुदत का महत्त्वाची?

लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. प्रसंग एकापेक्षा जास्त असतील, तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायचं. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापुढे दार बंद होतं.

कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रकरणात हे दिसलं. तिथल्या प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली. छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची. त्यानंतरही आपल्याला पदावरून हटवून त्रास देण्यात आला, म्हणजे छळ चालूच होता, असं तिचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये निर्णय दिला, की ती कारवाई प्रशासकीय होती, लैंगिक छळाचा पुढचा भाग नव्हता, त्यामुळे तक्रार मुदतीबाहेर गेली. न्यायालयाने या निकालाची नोंद कुलगुरूंच्या परिचयपत्रात करायला सांगितली, पण चौकशी काही झाली नाही.

यातून घेण्यासारखा धडा असा : नंतर घेतलेल्या सूडामुळे मूळ तक्रारीची मुदत वाढेल, यावर विसंबू नये. मूळ तक्रार वेळेत द्यावी आणि सूडाची तक्रार तारखेसह वेगळी करावी.

कॉलेजवरच विश्वास नसेल तर?

छोट्या संस्थेत समितीचे सदस्य संस्थाचालकांच्या शब्दाबाहेर नसतात, असा अनुभव लोक सांगतात. यूजीसीच्या नियमांनुसार कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा प्रशासकीय अधिकारपदावरच्या व्यक्तींना अंतर्गत समितीत बसता येत नाही. समितीत संस्थेबाहेरचा सदस्य असतो आणि प्रकरण विद्यार्थ्याचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. समिती अशी नसेल, तर पहिली हरकत तीच घ्यावी.

त्याशिवाय तालुक्याबाहेरचे आणि संस्थेबाहेरचे काही पत्ते आहेत.

लोकपाल : भोर-वेल्ह्यातली पदवी महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठाने स्वतःसाठी आणि संलग्न कॉलेजांसाठी लोकपाल नेमायचा असतो. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांना हे पद मिळतं. कॉलेजच्या समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही, तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाल देणं अपेक्षित आहे. फक्त 'गुण कमी दिले' एवढ्यावर लोकपाल फेरतपासणी करत नाहीत. भेदभावाचं ठोस उदाहरण दाखवावं लागतं.

स्थानिक समिती : तक्रार खुद्द संस्थेच्या मालकाविरुद्ध असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नसावी, म्हणून ग्रामीण भागात तालुकास्तरावर एक समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. या अधिकाऱ्याने तक्रार स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. या नेमणुका करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा दिला. नेमका अधिकारी कोण, हे तहसील कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारता येतं.

पोलीस : गुन्हा कुठेही घडला तरी त्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. तालुक्याच्या ठाण्यात ओळखीचे लोक असतील, तर पुण्यातल्या ठाण्यातही जाता येतं.

विधी सेवा : तालुका न्यायालयाशी जोडलेली विधी सेवा समिती मोफत वकील देते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तक्रार सिद्ध झाली नाही तर उलट कारवाई होते का?

ही भीती अनेकदा मुद्दाम घातली जाते. कायदा स्पष्ट आहे. पुरावा कमी पडला किंवा तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. मुद्दाम, दुष्ट हेतूने खोटी तक्रार केली असं चौकशीत सिद्ध झालं, तरच कारवाई होऊ शकते.

पण चौकशी नीट होणं तक्रारदाराच्याही हिताचं आहे. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने ३९ दिवसांत १८ बैठका घेऊन चौकशी उरकली आणि त्याला बडतर्फ करण्यात आलं. उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द केली, कारण घाईत त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. चौदा वर्षांनी विद्यार्थिनी होत्या तिथेच राहिल्या. म्हणून समोरच्याला उत्तराची पुरेशी संधी मिळतेय ना, हे तक्रारदारानेही पाहावं. निकाल टिकतो तो त्यावरच.

अर्ज देण्याआधी आणि दिल्यानंतर काय करावं?

'माझ्यावर सूड उगवला' हे सिद्ध करायचं असेल, तर तक्रारीआधीची आणि नंतरची स्थिती शेजारी ठेवून दाखवावी लागते. त्यासाठी तयारी आधीच करावी लागते.

१. नोंद ठेवा. प्रसंग घडला त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि कोण हजर होतं, ते वहीत लिहा.

२. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ संवाद आणि फोनही जपा.

३. आधीची स्थिती जपा. आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका, हजेरीचा तक्ता, तपासून सही झालेल्या वह्या यांचे फोटो काढा. तक्रारीआधी ८० टक्के हजेरी आणि नंतर अचानक ५० टक्के झाली, तर प्रश्न विचारता येतो.

४. पोच घ्या. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कार्यालय घेत नसेल, तर स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. ईमेल कॉलेजच्या खात्यावरून न करता स्वतःच्या खात्यावरून करा.

५. एक प्रत तालुक्याबाहेर जाऊ द्या. गुणांची तक्रार असेल तर विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागाला प्रत पाठवा. अर्ज फक्त गावातच नाही, हे कळलं की तो दाबणं कठीण होतं.

६. एका माणसाला सांगून ठेवा. तो कॉलेजबाहेरचा असावा. आत्या, जुन्या शाळेतल्या बाई, पुण्यात नोकरी करणारा भाऊ, कोणीही चालेल. कागदपत्रांचा एक संच त्याच्याकडे द्या.

७. सूड दिसला की लगेच लिहा. 'अमुक तारखेच्या तक्रारीनंतर अमुक घडलं' एवढंच, पण त्याच आठवड्यात. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं ही यूजीसीच्या नियमांत स्वतंत्र तक्रार ठरते.

मित्र आणि शिक्षक काय करू शकतात?

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या, जळगावकडच्या आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून छळ करत असल्याचा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे. होत असलेल्या त्रासाबद्दल आपण आधीच सांगितलं होतं, असं कुटुंबीयांचं म्हणणं होतं. घरच्यांना, मैत्रिणींना किंवा शिक्षकांना जे कळतं, ते कागदावर आणि योग्य समितीपर्यंत पोचवणं किती महत्त्वाचं आहे, हे या प्रकरणाने दाखवलं.

पीडित व्यक्ती शारीरिक किंवा मानसिक स्थितीमुळे तक्रार करू शकत नसेल, तर नातेवाईक, मित्र किंवा सहविद्यार्थी तिच्या वतीने लैंगिक छळाची तक्रार करू शकतात. रॅगिंगची माहिती पाहणाऱ्या कोणालाही देता येते. आणि पुण्यातून एका पत्राने काय होऊ शकतं, याचाही दाखला आहे. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी, कामाच्या ठिकाणच्या छळाबाबतचे न्यायालयाचे निर्देश पाळले जात नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाला कळवलं. त्याचीच याचिका झाली. तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाचा चौकशी अहवाल मानावा, हा २००४ चा आदेश त्यातून आला. तोवर तक्रारदार बाईला तीच साक्ष पुन्हा दुसऱ्या चौकशीत द्यावी लागायची.

आजच करता येईल असं काय?

अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि संपर्क कॉलेजने फलकावर लावायला हवेत. छोट्या कॉलेजात गरज पडेल त्या दिवशी कार्यालयात जाऊन 'समितीत कोण कोण आहे?' असं विचारलं, की अर्धी बातमी तिथेच फुटते. म्हणून प्रवेश घेतानाच त्या फलकाचा फोटो काढून ठेवावा. फलक नसेल, तर सगळ्या वर्गाच्या सहीने एक अर्ज द्यावा आणि तो लावून घ्यावा. या अर्जात कोणाचीच तक्रार नसते, त्यामुळे सूड घ्यायला कोणी एकटं सापडत नाही. पुढे कोणावर वेळ आलीच, तर जायचं कुठे हे तरी त्याला माहीत असेल.